कासवाच्या आवाजाबद्दल लोकांची मतं

४ जानेवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. माझे आशीर्वाद हल्ली लागू पडत नाहीत हे ठाऊक आहे, पण पत्राच्या माथ्यावर काहीतरी लिहावं लागतं.

फोन का करत नाहीस असं विचारणार होतो, तेवढ्यात तुझं कारण वाचलं. मेहुण्यांचं बोलणं गेलं तरी कान पूर्वीपेक्षा तिखट झालेत, आणि तुझं घर म्हणजे दोन खोल्या आणि मधे एक पडदा. तेव्हा पत्रच बरं.

तू लिहिलंस ते माझ्या शब्दांत मांडून बघतो. मास्तरकीची खोड, चालवून घे. ‘साळिंदरांचं बिऱ्हाड’ ही कार्टून मालिका वीस वर्षांपूर्वी टीव्हीवर लागायची. साळिंदरांचं कुटुंब, सगळ्यांना एकमेकांचे काटे टोचतात, आणि वरच्या मजल्यावर घरमालक कासव. त्या कासवाचा आवाज आमच्या मेहुण्यांचा. आता कंपनीने सगळे बावन्न भाग डीव्हीडीच्या संचात काढले. जुन्या फितींवरचा आवाज पार खराब झाला होता, म्हणून तो सगळ्यांकडून नव्याने भरून घेतला. मेहुण्यांनाही बोलावण्याचं पत्र आलं, पण पक्षाघातानंतर तिसऱ्या आठवड्यात. तू ते त्यांना न दाखवता ‘जमणार नाही’ असं कळवलंस. कासव दुसऱ्याच कुणाच्या तोंडून बोललं. मग जुन्या कलाकारांना भेट म्हणून संच घरी आला. मेहुणे रोज त्याच्याकडे बोट दाखवतात आणि तू रोज सांगतेस की प्लेअर बिघडलाय.

इथवर बरोबर असेल तर पुढे. संच ऐकवता येत नाही, निदान लोक कासवाबद्दल काय म्हणतात ते वाचून दाखवावं, असं तुझ्या मनात आहे. तुझ्याकडे कॉम्प्युटर नाही, माझ्या शाळेत आहे. शोधलं. मालिकेच्या चाहत्यांचं एक पान आहे. एका ओळीवर चार-चार पानं भांडणारे टीकाकार मी आयुष्यभर वाचत आलो, त्यामुळे माणसं ओळखीची वाटली. फरक इतकाच, की ह्यांनी मूळ ग्रंथ बाजूला ठेवून वेष्टनावर भाष्य लिहिलंय. पुठ्ठा पातळ आहे. तिसरी चकती काढताना दुसरीवर ओरखडे पडतात. पाठीमागचा हशा कमी केलाय, त्यामुळे कुठे हसायचं ते कळत नाही. एकाचं म्हणणं, मधल्या साळिंदराचे काटे पूर्वी तपकिरी होते, आता जांभळे दिसतात, आणि त्यामुळे त्याचं बालपण हिरावलं गेलं. दुसऱ्याने उत्तर दिलंय की काटे पहिल्यापासून जांभळेच, तुमचा टीव्ही बिघडलेला असणार. हा शास्त्रार्थ अकरा दिवस चालू आहे.

कासवाबद्दल एकच मत सापडलं. जसंच्या तसं देतो: ‘घरमालक काय बोलतो ते आता कुठे समजतं. पूर्वी घशात कापूस कोंबल्यासारखा वाटायचा.’

हे वाचून दाखवू नकोस.

तुझा
दादा


१२ जानेवारी

दादा,

नमस्कार. गिऱ्हाईक आरशात स्वतःला न्याहाळत असतं तेवढाच माझा वेळ, म्हणून हे पत्र चष्म्याच्या दोन फ्रेमांच्या मधे लिहितेय. ओळी वाकड्या आल्या तर तुझ्या नंबराला नावं ठेव.

काट्यांच्या रंगाचं भांडण ह्यांना आवडलं. डाव्या बाजूने हसले. मग अक्षरांचा तक्ता ओढला आणि बोट ठेवलं: मा. झं. मी म्हटलं, दादा शोधतोय, पुष्कळ आहेत म्हणे. तर आता पुष्कळ शोध.

चेष्टा सोड, एक गोष्ट सांगते. बोलायला शिकवणाऱ्या बाई मंगळवार-शुक्रवार येतात. त्यांनी मला जिन्यात बाजूला घेतलं. म्हणाल्या, वाचा यायची तर पहिल्या सहा महिन्यांत येते, नंतर आलेली मी पाहिली नाही. आमचे सहा महिने मार्चअखेर भरतात. आणि हे व्यायामच करत नाहीत. बाई म्हणतात ‘आ’ करा, हे भिंतीकडे बघतात. बाईंचं म्हणणं, आपल्याला कुणाला तरी ऐकवायचंय असं माणसाला वाटायला हवं. मी आहे की, असं ओठांवर आलं होतं. पण बायकोला ऐकवण्यात कसला आलाय मोठेपणा.

मालिका मी कधी बघितली नाही, तुला माहीत आहे. ती साडेसहाला लागायची आणि दुकान आठला बंद. पण भाग न् भाग मला पाठ आहे, कारण मी दारात पाऊल ठेवलं की हे ‘आजच्या भागात’ म्हणून अख्खा करून दाखवायचे. पिशवीसुद्धा खाली ठेवू द्यायचे नाहीत. त्यातला गोंधळाचा भाग कुणी विसरूच शकत नाही. खाली साळिंदरांचा दंगा चाललेला असतो. कासव त्यांना झापायला जिना उतरायला लागतं. एकेक पायरी. उतरेपर्यंत दंगा संपतो, पोरं बाहेर जातात, घर शांत. कासव दाराशी उभं. मग अगदी हळू म्हणतं, ‘जरा कुणीतरी गोंधळ घाला हो. मी एवढा जिना उतरून आलोय.’ मी दमून, कावून आलेली असले तरी ह्या वाक्याला हसायचेच.

हे कुणीतरी लिहिलं असणार. तेवढं शोध. घाई आहे.

धाकटी


२२ जानेवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद, ह्या खेपेला जरा ताजे.

सापडली. पहिल्यांदा मी पानाच्या वरवरच हिंडलो होतो. जुन्या पोथीसारखं, कामाचं ते तळाशी. पाच मतं हाताने उतरवून पाठवतोय. नक्कल करणं हा आमचा पिढीजात धंदा, तेव्हा अक्षराची खात्री बाळग.

एक बसचालक लिहितो: ‘नव्या संचातला घरमालक वेळेवर बोलतो. जुना बोलायला लागायच्या आधीच आपण घाबरायचो. ती थांबण्याची कला होती.’

एक शिंपीणबाई: ‘नवा आवाज धुतलेला आहे. पण धुतलेला आवाज घरमालकाला शोभत नाही. जुन्या आवाजात जिना होता, ओल होती, वरच्या मजल्यावरचं एकटेपण होतं.’

एक निवृत्त पोस्टमन: ‘मी हजारो दारं वाजवली. आतून ज्या प्रकारे “कोण आहे” येतं, त्यावरून माणूस कळतो. कासवाला आवाज देणाऱ्याने दारं ऐकलेली आहेत.’

एक विद्यार्थी: ‘खोका, पुठ्ठा, काट्यांचे रंग, सगळं क्षम्य. मूळ कासव परत द्या.’

आणि एक गृहिणी, हे तुझ्यासाठी: ‘दंगा शमवायला एवढा जिना उतरून यावं आणि घर रिकामं मिळावं. “जरा कुणीतरी गोंधळ घाला हो” ह्या एका वाक्यात करुण आणि हास्य एका पंगतीला बसलेले आहेत. ज्याने ते उच्चारलं त्याला माझा नमस्कार.’

भाषा काहींची जरा जड आहे. रसिक मंडळी, चालायचंच. एकदम सगळी वाचू नकोस, पुरवून वाच. व्यायामाचं कळव.

तुझा
दादा


३ फेब्रुवारी

दादा,

काय सांगू तुला. बाईंच्या प्रत्येक खेपेआधी एक वाचते, औषधासारखं. बसवाल्याचं वाचलं त्या दिवशी ह्यांनी बाईंनी व्यायामाला दिलेला आरसा स्वतःहून मागितला. ‘नवा आवाज’ म्हणजे तुमचाच, कंपनीने घासूनपुसून भरलेला, असं मी ह्यांना आधीच सांगून ठेवलंय. शिंपीणबाईंचं दोनदा वाचायला लावलं. ‘ओल होती’ला भुवई वर गेली, मला वाटतं थोडं लागलं, पण गोड लागलं. आज पोस्टमनचं झालं आणि बाई आल्या. हे तोंड वाकडं करून, घाम गाळून ‘आ’ म्हणाले. नुसता श्वास नव्हे, आवाज. बाईंनी वहीत लिहून घेतलं. मी मोरीत जाऊन रडून आले.

आता सकाळी मी उठायच्या आत ह्यांचं ‘आ’ सुरू असतं. शेजारीण काल विचारत होती, बरं नाही का त्यांना. मी म्हटलं, बरंच आहे.

विद्यार्थ्याचं शुक्रवारी वाचेन. गोंधळाचं मात्र मुद्दाम मागे ठेवलंय. अठरा तारखेला बाई नेहमीचा वार सोडून महिन्याच्या तपासणीला येणार, त्या सकाळी वाचणार. ते ऐकून तर शब्दच फुटेल ह्यांना.

त्या पाचही जणांना आमचा नमस्कार कळवता येईल का रे? बसवाल्याला विशेष.

धाकटी


१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

बसवाल्याला नमस्कार पोचला. शिंपीणबाई, पोस्टमन, विद्यार्थी आणि गृहिणी ह्यांनाही. ते सगळे एकाच खुर्चीवर बसतात आणि आठवी-नववीला संस्कृत शिकवतात.

हे तुला आधीच संशयाने कळलं असेल असं मला वाटत होतं. तुझं पत्र आलं तेव्हा समजलं की तुला संशय घ्यायचाच नव्हता. दोन दिवस पत्र लिहायला बसतोय आणि उठतोय. फोन करायला हवा होता, पण कबुली देण्याइतका धीट मी कागदावरच असतो.

पुढचं ऐक. आपण अगदीच खोटं बोलत नाही एवढं समाधान राहावं, म्हणून मी ती मतं त्या पानावरही टाकली. म्हणजे ती ‘पानावर आहेत’ हे तरी खरं. पहिली चार कुणी वाचली नाहीत. पाचव्यावर अर्ध्या तासात उत्तर आलं. तिथे एक गृहस्थ आहेत, मी त्यांना यादीवाला म्हणतो. त्यांच्याकडे बावन्न भागांतल्या प्रत्येक वाक्याची नोंद आहे. त्यांनी शांतपणे लिहिलं: असा प्रसंग मालिकेत नाही. कासव जिना एकदाही उतरत नाही. उतरूच शकत नाही, कारण चित्रकारांनी त्याचे पाय काढलेलेच नाहीत. खिडकीतून डोकं तेवढं दिसतं. दर भागात त्याला एक किंवा दोन वाक्यं. बहुतेक वेळा एकच शब्द, ‘आवाज!’ अकरा भागांत तो नुसता खोकतो.

जुन्या ग्रंथात मागाहून कुणी घुसडलेला श्लोक कसा ओळखावा, ह्यावर मी दरवर्षी एक तास घेतो. माझा घुसडलेला श्लोक एका अनोळखी माणसाने पकडला. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. खरा विद्वान आहे.

मग तो प्रसंग तुला कुठून पाठ, हे मी विचारत नाही. तुला एव्हाना कळलं असेल. मेहुण्यांना दिवसाकाठी एक शब्द मिळत होता आणि तू दुकानातून आल्यावर ते त्याचा अख्खा भाग करत होते. मला तो माणूस आवडायचाच. आता जरा भीती वाटते त्याची.

पाचवं मत वाचू नकोस. बाकी चार असू देत, त्यांत काही पकडण्यासारखं नाही. पण पाचवं नको. तुझ्या पत्राआधी तो प्रसंग जगात दोघांनाच माहीत होता, आणि त्यातले एक ते आहेत. पत्राला तीन दिवस लागतात. सतराला तुझ्या हातात पडेल.

दादा


२१ फेब्रुवारी

दादा,

पत्र वीसला आलं.

अठराला सकाळी ह्यांची दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला, आरशासमोर बसवलं. म्हटलं, आज सगळ्यात मोठं आहे. हे तयारच होते, ‘आ’ करून दाखवला. मी वाचायला लागले. ‘जिना उतरून यावं’पर्यंत ऐकत होते. मग ते वाक्य आलं आणि ह्यांचा चेहरा थांबला. मला वाटलं, भरून आलं. मी शेवटचा नमस्कारही वाचला, मोठ्याने.

ह्यांनी तक्ता मागितला. मला आधी कळेना. मी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत गेले: ते. फ. क्त. तु. ला.

मी वेडीने विचारलं, काय फक्त मला? त्यांनी डोळे मिटून घेतले. बाई आल्या, आ करा म्हणाल्या. ह्यांनी तोंड उघडलं नाही. बाईंनी अर्धा तास वाट बघितली आणि वहीत काही न लिहिता गेल्या.

काल दुकानात तुझं पत्र वाचलं. गिऱ्हाईक विचारत होतं ही फ्रेम शोभते का, मी म्हटलं शोभते, बघितलंही नाही. वीस वर्षं ह्याच काउंटरवर उभी राहून मी लोकांना सांगत आलेय की आमचे हे म्हणजे त्या मालिकेचा कणा. लोक हो हो म्हणायचे. बघणाऱ्यांनी तर मालिका बघितलेली होती ना रे. त्यांना माहीत होतं. मलाच तेवढं नव्हतं.

घरी गेले. मी काही बोलणार नव्हते. पण ह्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय. माझा राग नव्हता, शपथेवर सांगते. उलट त्या क्षणी मी त्यांच्या पाया पडले असते. पण ते मी चेहऱ्यावर आणायच्या आत त्यांनी मान वळवली होती. आणि एकदा वळवलेली मान ते आता परत वळवत नाहीत.

तुझ्यासाठी निरोप आहे. अक्षरं लावायला दुपार गेली. ‘मास्तर, छान लिहिलंत. आता पुरे.’

धाकटी


२९ मार्च

चि. धाकटीस,

दोन पत्रांना उत्तर नाही. हे तिसरं. आशीर्वाद लिहिण्याचं धाडस होत नाही.

मेहुण्यांचा निरोप पाळला, काही नवं लिहिलं नाही. फक्त एक जुनं निस्तरायला गेलो. पानावर खरं काय ते लिहून टाकलं: गोंधळाचा प्रसंग मी घुसडलाय, मालिकेत तो नाही, क्षमा असावी. ह्याचा परिणाम तुला सांगितलाच पाहिजे, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखा नाही. माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. सात जणांना तो प्रसंग आता आठवतो. एकाने तर शपथ घेतलीय की लहानपणी त्याने तो आजारी असताना बघितला. एकाने जिन्यावरच्या कासवाचं चित्र काढलंय, चार पायांसकट. कंपनीने मुद्दाम तो भाग वगळला म्हणून तक्रारअर्ज फिरतोय. यादीवाला बिचारा पान सोडून गेला. आणि मी, मला त्यांनी मत्सरी ठरवलंय.

तर मेहुण्यांचं काम अखेर लोकांच्या लक्षात राहिलं. जे त्यांनी टीव्हीवर केलं ते नव्हे. आणि त्यांचं नाव ह्या सात जणांपैकी कुणी विचारलेलं नाही, त्यांना फक्त कासव हवंय. हे त्यांना सांगावं का नाही, ते तू ठरव. मी आयुष्यभर संदिग्ध ओळींचे अर्थ लावत आलो, पण ही ओळ स्पष्ट आहे आणि तिचं काय करावं ते कळत नाही.

परवा मार्च संपतो. एका शब्दाने कळव.

दादा


११ एप्रिल

दादा,

बाईंनी येणं थांबवलं. चांगल्या आहेत, जाताना आरसा ठेवून घ्या म्हणाल्या. ‘आ’ सुद्धा गेला. फेब्रुवारीत आला होता हे त्यांच्या वहीत आहे म्हणून खरं म्हणायचं.

तुझ्यावर राग धरला नाही. तुला मीच सांगितलं होतं, हेच शोध म्हणून.

त्या सात जणांचं ह्यांना सांगितलं. ऐकून घेतलं. तक्ता पुढे केला तर हात उचलला नाही. हल्ली तक्ता कपाटावरच असतो. पाणी हवं, उशी हवी, एवढं डोळ्यांनी भागतं.

प्लेअर ‘दुरुस्त होऊन आला’ असं मी मागच्या महिन्यात सांगून टाकलं. म्हटलं, आता लपवण्यासारखं काय उरलंय. त्यात तुमचा आवाज नाही, दुसऱ्याचा आहे, हेही सांगितलं. ह्यांनी मान हलवली, जशी दूध नासलं म्हटल्यावर हलवतात. मग आम्ही संच लावला. रोज दोन भाग. ह्यांचं लक्ष असतं की नाही कळत नाही, पण बंद केला तर बघतात माझ्याकडे. बावन्न संपले. मला पाठ होते त्यातलं एक अक्षरही त्यात नव्हतं. साळिंदरं चांगली आहेत, हसू येतं कधी कधी. कासव खिडकीतून डोकं काढतं, ‘आवाज!’ म्हणतं आणि आत जातं. यादीवाल्याचं बरोबर आहे, पाय नाहीत.

नवा माणूस वाईट बोलत नाही. स्वच्छ आहे, समजतं.

कंपनीला पत्र टाकलं होतं, जुन्या फितींचं काय झालं म्हणून. एका ओळीचं उत्तर आलं, नव्याने भरल्यावर नष्ट केल्या. आमच्याकडे ह्यांच्या आवाजाची साधी कॅसेटही नाही. घरात सतत बोलणारा माणूस, कोण भरून ठेवणार?

म्हणजे तो आवाज माझ्या कानात होता तेवढाच. संपूर्ण. पिशवी खाली ठेवू न देणारा. आणि मी काय केलं, तर रोज दोन भाग लावले. काल दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून आठवायला बसले. दार आठवलं, पिशवीचे बंद हाताला रुतलेले आठवले, ह्यांचं वाकून उभं राहणं आठवलं. मग हे बोलायला लागले, आणि बोलत होता तो नवा माणूस. आज पुन्हा करून बघितलं. तोच.

ह्यांना हे सांगितलेलं नाही.

धाकटी